भुऱ्याचा खिळ्यांचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला, जाड चामड्याचा, बाहेरच्या अंगाला खिळ्यांची टोकं असलेला. मित्रांनो, तुम्ही दुकानात बघता ते रंगीत पट्टे माझ्या नात्यातले नव्हेत. त्यांना घुंगरू असतं, चकचकीत बक्कल असतं आणि ते घालून कुत्री फिरायला जातात. मी कधी फिरायला गेलो नाही. मी कामाला जायचो. माझा स्वभावही जरा टोचराच आहे, तेव्हा माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. जे घडलं ते सांगतो.

माझं गाव सायखेडा. गोदावरीच्या काठाला चिमाजी आणि त्यांची बायको नवसाबाई यांचा भाजीचा मळा होता. फार मोठा नव्हता, पण घर त्याच्यावरच चालायचं. मेथी, कोबी, रताळी, भोपळे, काकडी असं काही ना काही बारमाही उभं असायचं आणि पहाटेच्या गाडीनं नाशिकच्या बाजारात जायचं. चिमाजींच्या वडिलांच्या काळी या मळ्याच्या विहिरीवर मोट चालायची. पुढे विजेची मोटार आली आणि मोटेचं कातडं पडवीच्या आढ्याला लटकत राहिलं. धुरानं काळं पडलं, उंदरांनी कडा कुरतडल्या. मी त्या कातड्यात होतो. म्हणजे पट्टा होण्याआधी मी याच मळ्याला पाणी पाजलं होतं. नवसाबाई कधी कधी कुणाला हे सांगायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

नदी जवळ म्हणून पाणी भरपूर होतं, पण त्याच नदीच्या काठाला वेड्या बाभळींचं गच्च रान होतं. त्या रानात डुकरं राहायची. रात्रीतून एक कळप येऊन गेला की रताळ्याचे वाफे नांगर फिरवल्यासारखे दिसायचे. साळिंदर येऊन भोपळे कुरतडायचं. ससे कोबीची कोवळी रोपं मुळाशी कुरतडून टाकायचे. चिमाजींनी बुजगावणं उभं केलं, दोरीला डबे बांधले, फटाके वाजवले. मळ्याभोवती जुन्या साड्यांचं कुंपणही लावून झालं. एका डुकरानं त्या कुंपणात मुंडी घातली आणि नवसाबाईंची लग्नातली हिरवी साडी अंगावर घेऊन ते पसार झालं. साडी दोन दिवसांनी नदीकाठच्या चिखलात सापडली. चिमाजींना हसू आवरेना. नवसाबाई मात्र हसल्या नाहीत, कारण त्या वर्षी रताळी हाती लागलीच नव्हती.

ही गोष्ट १९९४ सालची. दिवाळी झाली की भिमाजी नावाचा मेंढपाळ मळ्यात मेंढरं बसवायला यायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं आणि मेंढपाळाला बदल्यात धान्य मिळतं, अशी आमच्याकडची जुनी रीत आहे. त्या वर्षी निघताना त्यानं घोंगडीतून एक राखाडी रंगाचं पिल्लू काढून नवसाबाईंच्या पदरात टाकलं.

"वहिनी, हे ठेवा. डुकराचं भ्या राहणार नाय," तो म्हणाला. "पण ह्याला बांधून घालू नका. बांधलेलं कुत्रं नुसतं भुकतं. राखण करायची तर ते फिरलं पाहिजे."

"आन पळून गेलं म्हंजे?" चिमाजींनी विचारलं.

"भाकरीला येतंय की परत. आन दादा, गळ्यात खिळ्याचा पट्टा घाला. जनावर पहिलं नरडं धरतं. आमची सगळी कुत्री तसलाच पट्टा घालून फिरतात."

आमच्या भागात तेव्हा नरडं धरणारं जनावर नव्हतं. पण नवसाबाई ऐकलेलं विसरत नसत. त्यांनी आढ्यावरची मोट खाली काढायला लावली आणि बाजाराच्या दिवशी त्या ती घेऊन भिकांकडे गेल्या. भिका सायखेड्याच्या बाजारात चपला शिवायचे. त्यांनी कातडं वाकवून पाहिलं, नखानं खरवडून पाहिलं आणि बैठक मारली. मोटेच्या सोंडेतून दोन पट्ट्या कापल्या. एका पट्टीतून खिळे आरपार काढले आणि खिळ्यांची डोकी झाकली जातील अशी दुसरी पट्टी आतून शिवली. मग हात आत घालून सगळीकडून फिरवला.

"आतून लोण्यावानी मऊ पाहिजे," ते नवसाबाईंना म्हणाले. "टोचायचं ते बाहेरच्याला, घरच्याला नाय. वर्षातून एकदा तेल पाजत जा, म्हंजे कडक होणार नाय."

पिल्लाची मान तेव्हा केवढीशी होती. ती वाढेल म्हणून भिकांनी बक्कलासाठी लांबपर्यंत भोकं पाडली. अगदी आतलं भोक पिल्लासाठी होतं. ते भोक लक्षात ठेवा, मित्रांनो. त्याचं काम पुन्हा पडेल असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

पिल्लाचं नाव भुऱ्या ठेवलं. सहा-सात महिन्यांत तो असा काही फोफावला की पिल्लाचं भोक मागं पडलं आणि मी त्याच्या गळ्यात बाहेरच्या भोकावर येऊन ठेपलो. आता आमचं काम सुरू झालं. तुम्हाला वाटत असेल की भुऱ्या डुकरांशी मारामाऱ्या करायचा. तसं काही नव्हतं. सुळे असलेल्या डुकराशी कुठलंही शहाणं कुत्रं झोंबत नाही. भुऱ्या नुसता बांधानं फिरायचा. दिवेलागणीला एकदा, रात्री हुक्की येईल तेव्हा आणि पहाटे एकदा. बांधावरचा दगड, शेवरीचं झाड, मोटारीची खोली, नदीकडची बाभूळ या प्रत्येक ठिकाणी तंगडी वर करून तो आपली सही ठोकायचा. वाऱ्यानं त्याचा वास रानात जायचा. रोज ताजा वास आणि रोज वेगळ्या कोपऱ्यातून येणारं भुंकणं, त्यामुळे डुकरांना कधी अंदाजच यायचा नाही. ती बाभळीतच घुटमळायची आणि दुसरीकडे वळायची.

घरात मनी नावाची एक मांजर होती. तिचा आणि भुऱ्याचा छत्तीसचा आकडा होता, पण कामं मात्र दोघांनी मुकाट वाटून घेतली होती. उंदीर आणि रोपांच्या वाफ्यात शिरणारी सशाची पिल्लं मनीकडे, बाकी सगळं भुऱ्याकडे. तिसऱ्याच वर्षी रताळी अशी आली की चिमाजींना ती न्यायला दोनदा गाडी करावी लागली.

मग काय, चिमाजींच्या बोलण्याला धरबंदच राहिला नाही. पारावर बसले की भुऱ्याशिवाय विषय नाही. "आमचा भुऱ्या नुसता शिंकला तरी डुकरं गंगेपार जातात," असं ते सांगायचे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. लोक मळ्यात यायचे, मला हात लावून बघायचे, बोटाला टोक लागलं की हात मागं घ्यायचे. खोटं कशाला बोलू, मी फुगून जायचो. पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर भुऱ्याच्याही कपाळाला गुलाल लागायचा आणि त्याला पुरणपोळी मिळायची. त्याच दिवशी नवसाबाई मला काढून दगडावर बसायच्या आणि करडईचं तेल बोटानं माझ्या आतल्या अंगाला चोळत राहायच्या. भिकांचं म्हणणं त्या एकाही वर्षी विसरल्या नाहीत. ती वर्षं चांगली होती. मी आता ती पुन्हा पुन्हा आठवतो, कारण दुसरं काही आठवावंसं वाटत नाही.

हळूहळू आजूबाजूचे मळे बदलले. वरच्या अंगाला ऊस आला, मग शेजारी ऊस आला. उसात पाणी, उसात सावली, उसात लपायला जागा. त्यात बिबट्या आला. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग एकाची शेळी गेली, दुसऱ्याचं वासरू गेलं आणि गावातली कुत्री एकेक करून दिसेनाशी झाली. भिमाजीनं सांगितलेलं नरडं धरणारं जनावर आता शेजारी राहायला आलं होतं.

२००१ च्या थंडीतली गोष्ट. सूर्य नुकताच मावळला होता आणि नवसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. भुऱ्या उसाकडच्या बांधावर गेला आणि अचानक गप्प झाला. त्याच्या मानेवरचे केस माझ्याखाली ताठ झाले. पुढचं क्षणात झालं. एक जड अंग वरून पडलं आणि एक तोंड माझ्यावर मिटलं. माझे खिळे त्या तोंडात रुतले. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी कुठल्या जनावराला टोचलो नव्हतो. त्या संध्याकाळी टोचलो. बिबट्या विचित्र आवाज करत मागं सरला, मान झटकत उसात गेला आणि भुऱ्या तीन पायांवर नवसाबाईंकडे पळाला. पायाला मोठी जखम होती, पण गळा शाबूत होता. माझ्या कातड्यावर एका दाताची खोल खूण तेवढी राहिली.

नवसाबाईंनी भुऱ्याला मांडीवर घेऊन जखमेत हळद भरली. त्या रडत होत्या आणि मधेच माझ्यावरून हात फिरवत होत्या. "भिमाजीनं सांगितलं म्हणून वाचला गं बाई," असं त्या स्वतःशीच म्हणत होत्या.

भुऱ्या पुढे दीडेक वर्ष जगला आणि म्हातारपणानं ओसरीवर झोपेत गेला. आमच्या गावात त्या काळात कुत्र्याला असं मरण येणं ही चैनीची गोष्ट होती. जाण्याआधी त्याची एक लेक घरात वाढत होती. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचं नाव टिकली. तिची मान बापापेक्षा बारीक, म्हणून मी दोन भोकं आत आलो. बांधावर फिरायची रीत तिला बापानंच शिकवली होती. डुकरं अजूनही बाभळीतच होती आणि मळा अजूनही हिरवा होता. त्याच सुमारास चिमाजींच्या मुलाला, महेशला, मुलगी झाली. तेजल तिचं नाव. ती रांगायला लागली तशी टिकलीच्या अंगावर चढायची. ती जवळ आली की टिकली मान पलीकडे वळवायची, माझे खिळे पोरीला लागू नयेत म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

महेश कष्टाळू होता. त्याला मी वाईट म्हणणार नाही. त्यानं मळ्यात टोमॅटो लावला, तोही मंडपाचा. म्हणजे ओळीनं बांबू रोवायचे, वरून तार ओढायची आणि एकेक झाड सुतळीनं तारेला टांगायचं. घरचं सगळं भांडवल आणि सगळ्या आशा त्या तारेला टांगलेल्या होत्या. आणि टिकलीचा रोजचा रस्ता त्या ओळींमधूनच जायचा. ससा दिसला की ती सुतळ्यांतून सुसाट सुटायची आणि माझे खिळे सुतळीत अडकायचे. एक सुतळी ओढली गेली की शेजारच्या चार तुटायच्या. एकदा तर फळांनी लगडलेली अख्खी ओळ बांबूंसकट आडवी झाली.

महेशनं डोक्याला हात लावला. त्या दिवशी त्यानं माझं बक्कल सोडलं आणि मला मोटारीच्या खोलीच्या दाराशेजारी खुंटीला अडकवलं. टिकलीच्या गळ्यात एक गुळगुळीत नायलॉनचा पट्टा आला. त्याला साखळी आली. साखळी बांधावरच्या शेवरीला बांधली गेली.

"महेश, तिला बांधू नको रे," नवसाबाई म्हणाल्या. "बांधलेलं कुत्रं राखण करत नाय."

"आई, अजून एक ओळ पडली तर आपण काय खायचं? टोमॅटो निघेस्तोवर फक्त. मग सोडू."

"मग पट्टा तरी खिळ्याचा ठेव."

"साखळीत अडकतो तो. तिलाच फास बसायचा. आन बिबट्या कुठं हाय आता? पिंजऱ्यात धरून नेला ना मागल्या महिन्यात?"

हे खरं होतं. एक बिबट्या पिंजऱ्यात सापडला होता. नवसाबाई चिमाजींकडे बघत राहिल्या. भुऱ्याच्या फुशारक्यांनी गावचा पार दणाणून सोडणारे चिमाजी पायाखालच्या मातीकडे बघत होते. टोमॅटोची पडलेली ओळ त्यांनीही पाहिली होती.

मी खुंटीवरून सगळं बघत होतो. पहिले काही दिवस टिकली रात्रभर भुंकली. डुकरांनी ते भुंकणं ऐकलं, दुसऱ्या रात्री पुन्हा ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ते एकाच जागेवरून येतंय. बांधावर ताजा वास नव्हता. मग एक डुक्कर धीर करून आत आलं. टिकली झेपावली, साखळी ताणली गेली आणि ती मागं आदळली. डुकरानं थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि साखळी पोचणार नाही इतकं लांब उभं राहून रताळी उकरायला सुरुवात केली. पुढच्या रात्री कळप आला. साखळीची लांबी त्यांना पाठ झाली होती. टिकलीभोवती एक गोल तेवढा शाबूत राहायचा आणि बाकी सगळा मळा उकरलेला असायचा.

यावर महेशनं काय करावं? त्यानं साखळी हलवली. डुकरं ज्या कोपऱ्यातून आत येतात त्या कोपऱ्यात टिकलीला बांधलं. तो कोपरा उसाला लागून होता. टोमॅटो वाचवायचा होता, माणूस घाईत होता, आणि घाईत माणसाला एकच जनावर दिसतं.

पोळ्याचा दिवस आला. नवसाबाईंनी मला खुंटीवरून काढलं, दगडावर बसून तेल लावलं आणि मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, मला हातात घेऊन त्या बांधानं चालू लागल्या. दिवेलागणीची वेळ होती. "आज सणापुरता तरी घालते गं बाई तुला," असं त्या लांबूनच टिकलीला म्हणत होत्या. टिकलीनं त्यांचा आवाज ऐकून शेपटी हलवली, ती मला दिसली. मग ती गप्प झाली. मी ती शांतता ओळखली, कारण तशी शांतता मी भुऱ्याच्या गळ्यात असताना अनुभवली होती. पण मी नवसाबाईंच्या मुठीत होतो आणि पट्ट्याला ओरडता येत नाही.

साखळी एकदाच खळखळली. ऊस हलला. नवसाबाई धावल्या, पडल्या, पुन्हा उठल्या. उसाकडच्या कोपऱ्यात साखळी पडली होती आणि तिच्या टोकाला तो गुळगुळीत नायलॉनचा पट्टा तुटून लोंबत होता. उसात पाच-दहा पावलं फरफटत नेल्याचा माग दिसत होता आणि त्यापुढे काही दिसत नव्हतं. नवसाबाई मला छातीशी धरून तिथंच बसल्या. माझे खिळे त्यांच्या तळहातात रुतले होते आणि त्यांना ते कळत नव्हतं.

महेश त्या रात्री जेवला नाही. त्यानं मला खुंटीला परत अडकवताना माझ्यावरचं तेल आणि रक्त सदऱ्याला पुसलं आणि बराच वेळ तो हात माझ्यावरच ठेवून उभा राहिला. टोमॅटोचे बांबू त्यानं त्याच हंगामात उपटले. डुकरांनी मंडपाखाली काही ठेवलंच नव्हतं.

त्यानंतर आणखी दोन पिल्लं आणली गेली. एकाच्या गळ्यात मला बांधायच्या आधीच बिबट्यानं त्याला ओसरीवरून उचललं. दुसऱ्याच्या गळ्यात मी होतो, पण बिबट्यानं या वेळी गळा धरला नाही, मागून कंबर धरली. मला परत आणून खुंटीला लावलं गेलं. मग गावात कुणी पिल्लू देईना आणि नवसाबाईही मागेनात. "मरायला कशाला आणायचं?" असं त्या म्हणाल्या. मनी मांजर कधीच म्हातारी होऊन गेली होती. भिमाजीही मेंढरं घेऊन येईनासा झाला, कारण मेंढरं बसवायला मोकळी जमीनच उरली नव्हती. राखण करणारे संपले तसं जंगलातलं सगळं मळ्यात आलं. मेथी डुकरानं तुडवली, भोपळे साळिंदरानं फोडले, कोबी सशांनी संपवला.

शेवटी चिमाजींनी हात टेकले. सगळ्यांनी लावला तोच ऊस त्यांनीही लावला. उसाला भाजीइतकी राखण लागत नाही. आज भाजीच्या वाफ्यांच्या जागी माणसापेक्षा उंच ऊस आहे, अगदी अंगणापर्यंत. बिबट्याची मादी त्यातच पिल्लं घालते. ज्यांनी सगळ्या नाशिकला मेथी पुरवली त्या नवसाबाई आता बाजारातून मेथीची जुडी विकत आणतात.

माझंही काय सांगू? बरीच वर्षं खुंटीवर गेली. मोटारीच्या खोलीत ओल असते. खिळ्यांना गंज चढला. भिकांनी शिवलेले दोन थर एके ठिकाणी सुटले आणि आतलं कातडं कडक होऊन भेगाळलं. पोळा आला आणि गेला, पण तेल कुणी लावलं नाही. मला वाटलं, आता असाच एक दिवस गळून पडेन आणि केरात जाईन. ते बरं झालं असतं.

गेल्या थंडीत नवसाबाईंनी मला खुंटीवरून काढलं. तेजल दुसरीत गेली आहे. तिची शाळा दुपारची, आणि शाळेची गाडी फाट्यावरच सोडते. फाट्यापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून पायवाट. थंडीत तिथं पोचेपर्यंत दिवस बुडालेला असतो. चिमाजींच्यानं आता चालवत नाही, महेश कारखान्यावर कामाला जातो आणि सूनबाई मनीषा द्राक्षाच्या बागेत मजुरीला. आजी एकटीच नातीला आणायला जाते. शेजारच्या वस्तीवर एका पोरीवर बिबट्यानं झेप घातल्याचं कळलं, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची ही गोष्ट.

फाट्यावर नवसाबाईंनी मला पिशवीतून काढलं. तेजलच्या गळ्याभोवती आधी मफलर गुंडाळला आणि त्यावर मला बांधलं. बाहेरचं भोक ढगळ झालं. त्याच्या आतलं ढगळ झालं. बक्कल सरकत सरकत सगळ्यात आतल्या भोकावर आलं, भुऱ्या पिल्लू असताना भिकांनी पाडलेल्या भोकावर. तिथं मी नीट बसलो.

तेजलला मजा वाटली. तिनं खिळ्यांना बोट लावून पाहिलं.

"आजी, मी काय टिकली हाय का?"

"नाय गं माझे बाय," नवसाबाई तिच्या दप्तराचा पट्टा खांद्यावर घेत म्हणाल्या. "त्या दिवशी टिकलीला घातला नव्हता."

मग त्यांनी नातीचा हात घट्ट धरला आणि मोठमोठ्यानं काहीबाही बोलत, काठी आपटत त्या पायवाटेला लागल्या. तेव्हापासून आमचं हे रोजचंच आहे.

मित्रांनो, गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूंनी चार शब्द सांगायचे असतात, म्हणून सांगतो. राखण करणाऱ्या जिवाला बांधून घालू नका. त्याच्या गळ्यात काही घालायचं असेल तर त्याला वाचवणारं घाला, तुमच्या सोयीचं नको. ऐकायला हे सोपं आहे. आमच्या गावात आता ते ऐकून उपयोग नाही, कारण बांधायला कुत्रं नाही आणि राखायला मळा नाही. म्हणून माझं मागणं लहानसं आहे. जिथं माझे थर सुटलेत तिथं आतल्या बाजूनं एका खिळ्याचं डोकं वर आलं आहे. ते मफलरमधूनही तेजलच्या मानेला लागतं. ती आजीला सांगत नाही, घरी गेल्यावर नुसतं चोळत बसते. भिका असते तर त्यांनी बोट फिरवूनच ओळखलं असतं. ते आता नाहीत. कुणीतरी मला थोडं तेल लावा आणि ते डोकं ठोकून आत बसवा. उद्या संध्याकाळी पुन्हा जायचं आहे.